नसलेली कच

दिवाळी उलटली की हायवेच्या कडेने कांद्याचे ट्रॅक्टर दिसू लागतात. नवा लाल कांदा, अंगावरची माती अजून पुरती सुटलेली नाही असा. ट्रॉली खड्ड्यातून गेली की दोन-चार कांदे उडून डांबरावर पडतात आणि मागे वाऱ्यावर पापुद्रे भिरभिरत राहतात, पातळ, जांभळट. त्या वासाने लोकांना भजी आठवतात. मला डिफरन्शियल आठवतो. त्याच्या पाठोपाठ रंगा आठवतो, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

बायको बरोबर ओळखते. "आले वाटतं कांदे," म्हणते आणि चहाचा कप जरा जोरातच ठेवते. तिला सगळं माहीत आहे असं नाही. पण नवऱ्याच्या पोटात दुखतंय की पोटात दुसरंच काही आहे, एवढं बायकांना कळतं.

डिफरन्शियल म्हटल्यावर कुणाला ट्रकच्या मागच्या चाकांमधला तो भोपळ्याएवढा गोळा आठवेल. माझा लिंबाएवढा आहे. आम्ही त्याला नुसतं 'डिफ' म्हणायचो. रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या, चारही चाकांना ओढ असलेल्या रेसिंगच्या गाड्यांमध्ये तो बसतो, एक पुढे, एक मागे. ही खेळणी आहेत असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वाद घालायला लागलो तर त्यांना पट्टा, दातांची जुळणी, गोळ्या आणि कड्या समजावून सांगाव्या लागतील, आणि सांगता सांगता रंगाचं नाव येईल. ते मला नको असतं.

माझ्या गाडीचं म्हणाल तर ती मेहुण्याने दुबईहून आणली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चपट्या खोक्यात गाडी नव्हतीच, नुसत्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत वीस-पंचवीस भाग, आणि एक जाडजूड पुस्तिका. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर टेबलाशी बसून दुसऱ्यांनी बनवलेले भाग मापायचे. बरोबर असेल त्यावर 'ओके'चा शिक्का, चूक असेल त्यावर लाल रंगाचा ठिपका. चौदा वर्षं हेच केलं. माझा लाल ठिपका कुणी खोडून काढला नाही, माझा ओके कधी परत आला नाही. त्याचा मला अभिमान होता. आता तो शब्द लिहिताना हात अडतो, पण होता. अशा माणसाला पिशव्यांतले भाग मापून जोडायला मिळाले, म्हणजे घरबसल्या सणच. मी सतरंजीवर बसून तीन रविवारांत गाडी उभी केली. प्रत्येक स्क्रू पुस्तिकेत दिलाय तेवढाच आवळला.

मग रंगा आला, गाडीचं मागचं चाक अंगठ्याने फिरवलं आणि म्हणाला, "छान झालीय. डिफ जरा दुखतोय तिचा."

रंगा म्हणजे रंगनाथ, माझा शाळेपासूनचा मित्र. पंचवटीत, भाजीबाजाराकडे उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा, पुढे काच, काचेखाली उघडी पडलेली घड्याळं. वडलांपासून चालत आलेलं. डोळ्यात भिंग अडकवून तो बसायचा आणि बाहेर मेथीच्या जुड्यांवरून, रिक्षांवरून कितीही आरडाओरडा होवो, त्याचा हात हलायचा नाही. चावीची घड्याळं तेव्हाच कमी होऊ लागली होती. लोक यायचे, सेल बदलून घ्यायचे, जायचे. "सेल काय, माकडही बदलेल," तो म्हणायचा. "आठवड्यातून एखादं जुनं घड्याळ येतं ना, तेवढ्यासाठी बसतो मी इथं." त्या एखाद्या घड्याळावर त्याचं पोट भरत नव्हतं, पण त्याचा अंगठा त्यावरच जगत होता. हे मला तेव्हाही नीट ठाऊक होतं, म्हणून पुढचं सगळं सांगायला जड जातं.

वर्षभरात त्याच्याकडेही गाडी आली. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने मोडीत काढलेली, आणि नशिबाचा खेळ असा की माझ्याच मॉडेलची. पट्ट्याचे दात गेलेले, चाक धरणारा एक हात तुटलेला, डिफमधल्या गोळ्या चपट्या झालेल्या. रंगाने एका पावसाळ्यात ती उभी केली. माझी नवी, त्याची डागडुजीची; दोन्ही एकाच साच्यातल्या. त्यामुळे तुलना करायला कुठे पळवाटच राहिली नाही. माझी हरली तर गाडीला दोष देण्याची सोयही त्याने ठेवली नव्हती.

डिफचं काम तसं सोपं आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ती तफावत सांभाळायची आणि तरी दोघांना ओढ द्यायची. आमच्या गाड्यांत हे काम मोहरीच्या दाण्याएवढ्या बारा पोलादी गोळ्या करत. दोन गुळगुळीत कड्यांच्या मधे त्या दाबून बसवलेल्या, मधून एक स्क्रू. स्क्रू सैल राहिला तर गोळ्या नुसत्या घसरतात, गाडी कुईकुई करते आणि जागची हलत नाही. जास्त आवळला तर गाडी वळायलाच मागत नाही, सासरी निघालेल्या पोरीसारखी पाय रोवते. या दोहोंच्या मधे एक जागा आहे. पुस्तिकेत लिहिलं होतं, पूर्ण आवळून एक अष्टमांश फेरा मागे घ्या. मी घ्यायचो. रंगा भिंग काढून ठेवायचा, डोळे मिटायचा आणि दोन बोटांत डिफ फिरवत फिरवत आवळत जायचा. जरा आवळायचा, शंभरदा फिरवायचा, पुन्हा जरा. त्याला रुळवणं म्हणतात. घाईत आवळलेला डिफ पळता पळता बसतो आणि सैल पडतो, म्हणून आधी हाताने रुळवून घ्यायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना, चहा पिताना, त्याची बोटं सुरूच असायची.

"कळतं कधी तुला, झाला म्हणून?" मी विचारलं होतं.

"तो बोलायचा थांबतो," रंगा म्हणाला.

त्याने जोडलेला डिफ हातात घेतला की अंगावर काटा यायचा. एक बाजू फिरवली की दुसरी उलटी फिरायची, आणि मधे काही आहे असं वाटतच नसे. सायीतून बोट फिरवावं तसं. माझ्या डिफमध्ये कुठेतरी, फेऱ्यात एकदा, भातात कच लागावी तसं काहीतरी लागायचंच. कड्या काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून घासल्या, गोळ्या नव्या घातल्या, ग्रीस बदललं. कच काही जाईना.

एकदा तर मी चोरी केली. रंगा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला, तेवढ्यात खिशातून व्हर्नियर काढला आणि त्याच्या डिफच्या स्क्रूचं टोक किती आत आहे ते मापून तळहातावर लिहून घेतलं. घरी येऊन माझा डिफ नेमका त्याच मापाला आवळला. शंभर टक्के तेच माप. तो घसरला. तळहातावरचा आकडा साबणाने घासताना बायकोने पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा फोन नंबर?" मी आणखी जोरात घासत राहिलो. दुसऱ्या बाईचा नंबर असता तर मी कमी शरमलो असतो.

हेव्याबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यांना वाटतं, दुसऱ्याचं मोठं काही बघून तो होतो. बंगला, गाडी, बढती. तसं नसतं. बढती मलाही मिळाली होती आणि मिळाली नसती तरी चाललं असतं. मला रंगाच्या अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेचा हेवा वाटत होता. त्याहून वाईट म्हणजे त्याला माझा हेवा कधीच वाटला नाही. माझी मोटर भारी, माझी बेअरिंगं नवी, माझा चार्जर परदेशी, तो हे सगळं हातात घेऊन मनापासून "वा!" म्हणायचा आणि परत द्यायचा. त्या परत देण्याचाही मला राग यायचा. अरे, जरा तरी जळ ना!

आमच्या शर्यती कांद्याच्या मार्केटात व्हायच्या. शहरापासून तासाभरावर, मोठ्या मार्केटच्या मागे भाऊसाहेब नावाच्या एका व्यापाऱ्याचं आवार होतं. रविवारी लिलाव बंद, त्यामुळे ते मोठं सिमेंटचं मैदान मोकळं असायचं. बायका शनिवारी झाडून जात, तरी कोपऱ्याकोपऱ्यात पापुद्रे राहायचेच. आम्ही आठ-नऊ जण: एक दंतवैद्य, दोन कॉलेजातली पोरं, एक बागायतदार, असे. रिकाम्या क्रेटचं वळण करायचं, ओट्यावर ओळीने उभं राहायचं आणि पाच-पाच मिनिटांच्या शर्यती लावायच्या. भाऊसाहेब टॉवेल हलवून शर्यत सोडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला होता. "एवढी शिकल्याली मानसं, आन् हे काय पोरखेळ?" मग पहिली गाडी सुटली, वळणावर मागचं चाक हलकेच सरकवून निघून गेली, आणि ते उभेच राहिले. "आयला! लय भारी पळती राव." त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

नियमही त्यांनीच घातला. शर्यतीआधी गाडी ज्याची त्याने तपासायची नाही, जोडीदाराने तपासायची. कांद्याच्या लिलावात शेतकरी आपला कांदा आपण पारखत नाही. व्यापारी ट्रॉलीवर हात टाकतो, खालून चार कांदे उपसून काढतो, फोडून पाहतो. भाऊसाहेबांचं म्हणणं होतं, "आपल्या ढिगात आपल्याला खराब कांदा दिसतच नाय. दुसऱ्याचा हात पायजे." आम्हाला ते एकदम पटलं, कारण ते खरं होतं. आपल्या गाडीच्या खरखरीची आपल्या बोटांना सवय होते.

माझा जोडीदार रंगा. तीन गोष्टी बघायच्या. मोटरचं छोटं दातेरी चाक आणि मोठं चाक यांच्यात सिटी बसच्या तिकिटाएवढी फट हवी. तिकीट मधून फिरवायचं, ते फाटायला नको, त्यावर नक्षी मात्र उमटायला हवी. पट्टा बोटाने दाबून बघायचा. आणि डिफ अंगठ्याने. दुसऱ्याने 'ओके' म्हटलं की वाद नाही. माझा तर धंदाच ओके म्हणायचा, त्यामुळे सगळे हसायचे. "तुमच्या गाड्या तर शिक्का मारूनच येतात," दंतवैद्य म्हणायचे.

रंगा माझी गाडी बघताना माझ्या डिफमधली कच त्याला लागायचीच. तो हळूच म्हणायचा, "थोडा बोलतोय. चालेल. शर्यत झाल्यावर बसू आपण." सगळ्यांसमोर कधी म्हणाला नाही. तेही मला टोचायचं.

तो हिवाळा दोन हजार सालानंतरचा दुसरा की तिसरा. थंडी अशी होती की सकाळी ओट्यावर उभं राहिलं की रिमोट धरलेली बोटं बधिर व्हायची. पुण्याच्या मंडळींनी निरोप धाडला होता, आमच्या मोठ्या शर्यतीला नाशिकचा एक जण पाठवा. एकच. दिवाळीपासून गुण मोजत आलो होतो आणि शिमग्याच्या आधीच्या रविवारी रंगाचे आणि माझे गुण सारखे झाले. शेवटची शर्यत जो जिंकेल तो पुण्याला.

रंगाने पुण्याला जायचं म्हणून बायकोकडून नवा शर्ट शिवून घेतल्याचं मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. त्याने स्वतःच सांगितलं, हसत. "नाही गेलो तरी लग्नाकार्याला होईल."

शर्यतीला अर्धा तास होता. मी त्याची गाडी मांडीवर घेतली. तिकीट फिरवलं, नक्षी बरोबर उमटली. पट्टा दाबला, ठीक. मग मागचं डावं चाक धरून उजवं फिरवलं. फिरवलं, फिरवलं, कच लागायची वाट पाहत राहिलो. काहीच नाही. त्या दिवशी तो डिफ आधी कधी नव्हता इतका सुंदर झाला होता. मी डोळे मिटले. बोटांना काही म्हणजे काहीही लागत नव्हतं. चौदा वर्षांत माझ्या टेबलावर इतका चांगला भाग आला नव्हता. आणि मला तो सहन झाला नाही.

"कच आहे," मी म्हणालो.

असं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. आजही शपथेवर सांगतो, ठरवलं नव्हतं. पण तोंडून गेलं, आणि गेल्यावर मी ते परत घेतलं नाही, म्हणजे ठरवल्यासारखंच झालं.

रंगाने वर पाहिलं. "कुठं?"

"एका जागी. प्रत्येक फेऱ्यात येतेय."

त्याने गाडी घेतली. फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. "मला नाही रे लागत."

"मला लागतेय. बघ बाबा, गाडी तुझी आहे."

तो माझ्याकडे बघत होता. संशयाने नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तुला लागतेय म्हणजे असणार. तू कशाला उगाच सांगशील?"

आणि त्याने डिफ उघडला. वीस मिनिटं होती. ओट्याच्या कडेला रुमाल पसरून, डोळ्यात भिंग लावून त्याने कड्या बघितल्या, उलटून बघितल्या. त्यांच्यावर ओरखडाही नव्हता. "दिसत तर काही नाही," तो पुटपुटला. "दिसत पण नाही, लागत पण नाही." तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पापुद्रे ओट्यावरून सरसरत आले, रुमालाचं टोक उडालं आणि एक गोळी निसटली. टुणटुण करत सिमेंटच्या भेगेत गेली. आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून शोधत होतो. मीसुद्धा. मन लावून शोधत होतो, विश्वास ठेवा. तिकडून भाऊसाहेब ओरडले, "चला ओ, ऊन चढाया लागलं!" रंगाने अकरा गोळ्यांवर डिफ बंद केला. रुळवायला वेळच नव्हता.

दोन मिनिटं तो पुढे होता. मग तिसऱ्या मिनिटाला वळणातून बाहेर पडताना त्याच्या गाडीने पहिली कुई केली. डिफ बसला होता आणि सैल पडला होता. पुढच्या वळणाला मोठी कुई. मी त्याला क्रेटच्या आतल्या बाजूने मागे टाकलं. शर्यत संपली म्हणून भाऊसाहेबांनी टॉवेल हलवला तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "रंगनाथची गाडी आज रडत का व्हती?"

सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. रंगानेही मारली. मग तो ओट्याच्या टोकाला जाऊन बसला आणि रिकाम्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत राहिला. मी जवळ गेलो. जायला नको होतं.

"मला ती कच कळलीच नाही रे," तो म्हणाला. "मला वाटत होतं, आजचा डिफ एकदम झालाय. आजवरचा सगळ्यात चांगला झालाय, असं वाटत होतं मला."

ती वेळ होती. पापुद्रे उडत होते, कॉलेजातली पोरं क्रेट उचलत होती, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

"अप्पांचंही असंच झालं होतं," तो म्हणाला. अप्पा म्हणजे त्याचे वडील. "आधी बोटं गेली त्यांची. आपल्याला कळतंय असं वाटायचं त्यांना, आणि घड्याळं परत यायची." तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

पुण्यात माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच झालं. दुसऱ्या फेरीत माझ्या गाडीने वळायला नकार दिला आणि मी खालून दुसरा आलो. ज्या तरुणाने तिथे माझी गाडी तपासली त्याने मागचं चाक फिरवून सरळ सांगितलं, "काका, डिफमध्ये कच आहे तुमच्या." खोटं बोललो होतो ते खरं होऊन माझ्याच गाडीत बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात रंगा घरी आला आणि त्याची गाडी खोक्यासकट माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे. मला आता कळत नाही त्यातलं." मी नको नको म्हणालो, पण तेवढ्याच जोरात म्हणालो जेवढं घेणारा म्हणतो. बायकोने त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती म्हणाली, "सोन्यासारखी गाडी दिली त्यांनी, आणि तुमचं तोंड असं का?" मी म्हणालो, दगदग झाली.

मग आमच्या शर्यती बंद पडल्या. भाऊसाहेबांच्या आवारात नवी शेड झाली, पोरं नोकरीला मुंबई-पुण्याला गेली. मी अधूनमधून पंचवटीत जायचो. रंगाच्या काचेखालची उघडी घड्याळं हळूहळू कमी झाली. मग तिथे मोबाइलची कव्हरं आली, मग चार्जर आले. 'सेल बदलून मिळतील' अशी पाटी लागली. मी स्वतःची समजूत घातली की जमानाच सेलच्या घड्याळांचा आहे, चावीची घड्याळं कुणाकडे उरलीत? इन्स्पेक्टरला समजूत घालणं सोपं जातं. माप हवं तसं वाचता येतं.

पण दर वर्षी लाल कांदा आला की मी ते खोकं काढतो. रंगाच्या गाडीचा मागचा डिफ अकरा गोळ्यांचा, घसरलेला, खरखरीत. तो मी फिरवत नाही. पुढचा फिरवतो. पुढचा त्या दिवशी कुणी उघडलाच नव्हता; तो अजून रंगाने जोडला तसाच आहे. सहा-सात वर्षं झाली. त्यातलं ग्रीस आतापर्यंत चिकटायला हवं होतं. मी डोळे मिटतो आणि चाक फिरवतो. साय. दर वर्षी मला वाटतं, या वेळी तरी कुठे कच लागेल. एखादी, बारीक. लागली असती तर मी सुटलो असतो. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांनी, इतका अपराधी असूनही, तो फिरवताना माझ्या मनात पहिल्यांदा पश्चात्ताप येत नाही. पहिल्यांदा हेवाच येतो. पश्चात्ताप नंतर येतो, धापा टाकत.

या वर्षी मात्र मी तो डिफ गाडीतून काढला, रुमालात गुंडाळला आणि रविवारी सकाळी पंचवटीत गेलो. अख्खी गाडी न्यायची हिंमत नव्हती.

बाजार भरलेला होता. बोळाच्या तोंडाशी एक बाई कांद्याच्या पातीच्या जुड्या लावत होती. रंगा कुणाच्या तरी मोबाइलला कव्हर चढवत होता. केस पांढरे झालेत त्याचे. "ये ये," म्हणाला. "बस." बसायला जागा नव्हतीच; मी नेहमीप्रमाणे पायरीवर उभा राहिलो. गिऱ्हाईक गेल्यावर मी रुमाल उघडून काचेवर ठेवला.

त्याने ओळखला. हात मात्र लावला नाही.

"फिरव," मी म्हणालो.

"मला काय कळणार त्यातलं?"

"फिरव तर खरं."

त्याने उचलला. दोन बोटांत धरला, अंगठ्याने फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. त्याचे डोळे आपोआप मिटले, तसेच, जुन्यासारखे. मग एकदम उघडले आणि त्याने डिफ माझ्यापुढे केला.

"मला तर नाही लागत काही. पण तूच सांग. तू इन्स्पेक्टर. कच आहे?"

"नाही," मी म्हणालो. "यात नाही. मागच्यातही नव्हती, रंगा. त्या दिवशी नव्हती. मी खोटं बोललो."

पातीवाली बाई कुणाशी तरी घासाघीस करत होती. रिक्षा हॉर्न वाजवत होती. रंगाने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याने मला विचारलं नाही, का. त्याने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं; रात्र रात्र घोकलेलं. तो डिफ फिरवत राहिला.

"म्हणजे माझा अंगठा बरोबर होता," तो म्हणाला.

"हो."

"एकदम झाला होता तो."

"मी आजवर पाहिलेला सगळ्यात चांगला."

त्याने मान हलवली. मग खाली वाकून त्याने एक खण ओढला. खण कव्हरांच्या पाकिटांनी भरलेला होता. पाकिटं बाजूला करून त्याने तळातून पुडी काढली. पुडीत चावीचं जुनं घड्याळ होतं, काच तडकलेली. "समोरच्या काकूंच्या यजमानांचं," तो म्हणाला, माझ्याशी की स्वतःशी, कुणास ठाऊक. "तीनदा आल्या. तिन्ही वेळा सांगितलं, आता जमणार नाही माझ्याच्यानं. आणि असं किती जणांना सांगितलं. सहा वर्षं."

मला वाटलं, आता तो शिव्या घालेल. मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्याने ड्रॉवरच्या कोपऱ्यातून भिंग शोधून काढलं, शर्टाला पुसलं आणि डोळ्यात बसवलं. घड्याळाचं झाकण उघडलं. इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा पुन्हा तसा झाला होता, सगळ्या बाजारातून उठून निघून गेल्यासारखा. मी तिथे आहे हे तो विसरून गेला होता. आणि मी, सगळं कबूल करून बसलेला, डोळे भरून आलेला मी, त्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि पुन्हा जळत होतो.

"रंगा," मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. चिमट्याची टोकं घड्याळात होती आणि हात जरासुद्धा हलत नव्हता.

"बाजूला हो," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

मी पायरी उतरून बाजूला झालो.